चालत्याची सोबतीण

नुसतं उभं राहणं तिच्या स्वभावातच नाही. स्टँड लावा, भिंतीला टेकवा किंवा कुणीतरी धरून ठेवा; आधार काढला की ती आडवी होणारच. पण चार हात चालू द्या, मग तिच्याइतकं सरळ आणि डौलात जाणारं रस्त्यावर दुसरं काही सापडायचं नाही. तिच्या डायनॅमोचाही तोच बाणा. चाक फिरतंय तोवर उजेड, जोरात फिरलं तर लख्ख उजेड, थांबलात की अंधार. साठवून ठेवलेलं असं तिच्याकडे काहीच नसतं. जे असतं ते त्या त्या क्षणी, चालता चालता तयार झालेलं.

आमच्या घरची ही लेडीज सायकल रंगाने काळी, बावीस इंची. तिची मधली दांडी आडवी नाही. हँडलखालून निघून तिरकी उतरलेली आहे, म्हणजे साडीतही पाय उंच न टाकता बसता यावं. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी दोऱ्यांची जाळी, पदर तारांमध्ये अडकू नये म्हणून. चेन पूर्ण झाकणारं चेनकव्हर, ब्रेकला केबलऐवजी सळया, सीटखाली दोन जाड स्प्रिंगा, मागे भक्कम लोखंडी कॅरिअर. मी दहावी झाले तेव्हा, १९७९ साली, बाबांनी ती घेतली. हर्क्युलिस. तिचं माहेर मद्रासजवळचं अंबत्तूर, १९४९ साली स्थापन झालेल्या टी. आय. सायकल्सचा कारखाना.

बोलायला तिला घंटीच लागते असं नाही. चेन कोरडी पडली की ती कुरकुरते. मडगार्डचा स्क्रू ढिला झाला की खडखडते. चाक आउट गेलं की दर फेरीला नेमक्या एका जागी ब्रेकच्या गुटक्याला घासून सांगते. उगाच तक्रार तिने कधी केली नाही आणि खरी तक्रार कधी लपवली नाही. सगळं ठीक असलं की पायडल थांबवल्यावर फ्रीव्हीलची बारीक टरटर तेवढी ऐकू येते. तो तिचा समाधानाचा आवाज.

घरातल्या सगळ्यांना तिने पाठीवर घेतलं. मला, धाकट्या भावाला, सुट्टीत येणाऱ्या मामेबहिणींना, क्वचित दळणाचा डबा घेऊन गिरणीत निघालेल्या आईला. वजनावरून किंवा वयावरून तिने कुणाला नाकारलं नाही. सूटही कुणाला दिली नाही. काल तुम्ही छान चालवली होती, याचा आज तिच्यापाशी उपयोग नसतो. आज कसे बसलात, आज कुठे बघता आहात, एवढंच ती विचारते.

बसणाऱ्याकडे आधी तोल मागणं तिच्या घराण्यात पहिल्यापासून आहे. जर्मनीतल्या मानहाइम गावी कार्ल फॉन ड्राइस याने १८१७ साली जी लाकडी दुचाकी चालवली, तिला पायडलं नव्हती. वर बसायचं आणि पायांनी जमीन मागे रेटत पुढे जायचं. म्हणजे माणूस आधी तोल शिकला, पायडल मारायला नंतर. पायडलं आली ती १८६०च्या दशकात, फ्रान्समध्ये. पुढे पुढचं चाक माणसाच्या छातीपर्यंत उंच झालं आणि पडण्याची भीतीही त्याच मापाने वाढली. १८८५ साली इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत जॉन केम्प स्टार्ली याने दोन्ही चाकं जवळपास सारखी केली, चेनने जोर मागच्या चाकाला दिला आणि बसणाऱ्याला पुन्हा जमिनीजवळ आणलं. तीन वर्षांनी बेलफास्टच्या डनलॉपने हवेचं टायर दिलं. आमच्या सायकलीचा सांगाडा आजही त्याच घडणीचा आहे.

तिच्या गोतावळ्यात मला सर्वांत जास्त आदर वाटतो तो तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यातल्या सायकलींबद्दल. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या साक्षरता चळवळीने अक्षरांच्या जोडीने सायकलही शिकवायला घेतली. लाखाहून अधिक ग्रामीण बायका सायकल शिकल्या. त्यांतल्या बहुतेकींनी अक्षरंही नुकतीच गिरवली होती. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिलं आहे, आणि त्यातली एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली आहे. लेडीज सायकली पुरेनात तेव्हा या बायकांनी पुरुषांच्या सायकली घेतल्या, आणि मग त्यांना त्याच बऱ्या वाटू लागल्या, कारण आडव्या दांडीवर मूल बसवता येतं. शिकायचं वय निघून गेलं, असं म्हणत त्या घरी बसल्या नाहीत.

पुण्याला सायकलींचं शहर म्हणायचे, तो काळ बाबांनी भरपूर पाहिला होता आणि मी त्याचा शेवट पाहिला. सकाळी खडकीच्या दारूगोळा कारखान्याकडे कामगारांच्या रांगा निघत. कॉलेजच्या स्टँडवर एक सायकल कलंडली की ओळच्या ओळ आडवी होई. बाबांच्या वेळी दरवर्षी कर भरून बिल्ला घ्यावा लागे. रात्री दिवा नसला की पोलिस अडवत, डबलसीट दिसलं तरी अडवत. तासावर सायकल भाड्याने देणारी दुकानं पेठापेठांत होती. त्या गर्दीत रस्त्याचा वेगच सायकलीचा होता. माझ्या पायांना, कानांना, मानेला तोच वेग ठाऊक होता आणि भीती हा विषय कधी निघाला नाही.

मग लग्न झालं, लुना आली, स्कूटर आली, मुलं मागे-पुढे उभी राहू लागली. सायकल जिन्याखाली गेली. तिच्यावर आधी जुनी चादर पडली, मग रद्दी, मग दिवाळीचे आकाशकंदील. तिथे ती भिंतीला टेकून राहिली, म्हणजे तिच्या स्वभावाच्या अगदी उलट. मधल्या काळात शहराचा वेग बदलला. आणि काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात ओल्या पायरीवरून घसरून माझं डावं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण पडण्याची भीती अंगात राहिली. पायरी उतरताना हात आपोआप कठडा शोधायला लागला. घरातल्यांनी प्रेमाने सांगितलं की आता जपून राहा. जपून राहणं म्हणजे दिवसेंदिवस कमी हलणं, हे मला मान्य होईना. म्हणून एका सकाळी मी आकाशकंदील बाजूला केले.

कोपऱ्यावरच्या मिस्त्रींनी तिला वरून खालपर्यंत पाहिलं.

“विकायची का, ताई?”

“चालवायची आहे.”

“मग ओव्हरऑइलिंगच करू या.”

ओव्हरऑइलिंग म्हणजे नुसतं तेल देणं नव्हे. त्यांनी तिला पूर्ण खोलली. हबमधले छर्रे डिझेलमध्ये धुतले, झिजलेले बदलले, नवं ग्रीस भरलं. रबर कडक झालेली टायरं आणि ट्यूब टाकून दिल्या. ब्रेकचे गुटके नवे बसवले. चाकं उलटी टांगून तारा एकेक करून आवळल्या, आउट काढला. ट्यूब फुगवून पाण्याच्या घमेल्यात फिरवली, कुठे बुडबुडा येतो का ते पाहिलं. शेवटी मी म्हणाले, सीट अगदी खाली घ्या आणि दोन्ही पायडलं काढून द्या.

“काढून? मग चालवणार कशी?”

“आधी पायांनी.”

ते क्षणभर थांबले आणि मान डोलावून पाना घेतला. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या दिशेने फिरवलं तर सुटतं. पायडल मारता मारता ते आपोआप ढिलं होऊ नये म्हणून ही सोय. सीट इतकी खाली आली की बसल्यावर माझे दोन्ही तळवे पुरते जमिनीला टेकत होते. ती पुन्हा ड्राइसची दुचाकी झाली होती.

शाळेच्या मैदानावर पहाटे कुणी नसतं. मी बसले आणि जमीन मागे रेटली. एक पाय, दुसरा पाय. पाय जमिनीवर असताना पडण्याचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे मन मोकळं होतं आणि तिच्याकडे लक्ष देता येत होतं. पावलं हळूहळू लांब झाली. दोन पावलांच्या मधे पाय उचलून धरायचे आणि तेवढं अंतर तिच्यावर सोपवायचं. ते अंतर वाढत गेलं. मधे एकदा पाय वरच राहिले, ती मैदानाच्या उतारावरून सरळ जात राहिली, आणि मला कळलं की आता आमचं बोलणं सुरू झालंय.

तिचा तोल कसा राहतो हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. कुठलीही सायकल फक्त सीटला धरून उभी करा आणि थोडी डावीकडे कलवा. हँडल आपणहून डावीकडे वळतं. चालत्या सायकलीचं पुढचं चाक असं कललेल्या बाजूला वळलं की दोन्ही चाकं पुन्हा वजनाखाली येतात आणि ती सावरते. मग किंचित दुसरीकडे कलते, पुन्हा वळते, पुन्हा सावरते. सरळ जाणारी सायकल खरं तर सतत पडत आणि सतत सावरत असते. हे घडतं त्याची कारणं फिरत्या चाकाच्या जायरोस्कोपिक परिणामात आणि पुढचं चाक चिमट्याच्या फिरण्याच्या रेषेच्या किंचित मागे जमिनीला टेकतं त्यात आहेत, असं फार काळ मानलं जाई. २०११ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात कॉर्नेल आणि डेल्फ्ट इथल्या संशोधकांनी एक प्रायोगिक सायकल मांडली. तिच्यातून या दोन्ही गोष्टी काढून टाकल्या होत्या, फक्त वजनाची मांडणी नीट बेतली होती. तीही माणसाविना तोल सांभाळत गेली. कारण कोणतंही असो, कललेल्या बाजूला वळणं तेवढं सुटून चालत नाही. साध्या सायकलीत हे वळणं ताशी पंधरा-वीस किलोमीटरच्या आसपास इतकं बिनचूक होतं की रिकामी ढकलून दिली तरी ती काही अंतर स्वतः जाते.

हे समजल्यावर भीतीचं काम मला नेमकं दिसलं. घाबरलेला माणूस दोन गोष्टी करतो, वेग कमी करतो आणि हँडल घट्ट आवळतो. वेग कमी झाला की तिचं सावरणं सुस्त होतं आणि सगळा भार आपल्यावर येतो. हँडल आवळलं की तिला वळायलाच मिळत नाही. ज्या चाळवाचाळवीतून तोल येतो तीच आपण बंद करतो. म्हणजे पडण्याची भीती हेच पडण्याचं कारण होतं. म्हणून मनगटं सैल, कोपरं किंचित वाकलेली, बोटं ब्रेकच्या दांडीवर नुसती टेकवलेली, खांदे खाली. मोडून जुळलेल्या मनगटाला हे शिकायला सर्वांत जास्त वेळ लागला. ते अजून सारखं काहीतरी पकडायला बघत होतं.

नजरेचं तिला फार आहे. जिथे बघाल तिथे ती जाते. पुढच्या चाकाकडे बघितलं की भेलकांडते, खड्ड्याकडे बघितलं की खड्ड्यात शिरते. मैदानाच्या टोकाला एक जुना कडुनिंब आहे. त्याच्या शेंड्याकडे बघत मी निघाले की ती तारेवर असल्यागत सरळ जाई. वळायचं असलं तर आधी मान वळवायची, जिथे पोचायचं आहे तिथे बघायचं, बाकीचं शरीर आणि हँडल मागून येतं.

सरपटणं सवयीचं झाल्यावर मिस्त्रींकडून पायडलं परत लावून घेतली. सीट तेवढीच खाली ठेवली. निघताना उजवं पायडल वर आणि थोडं पुढे घ्यायचं, डावा पाय जमिनीवर, मग उजव्यावर पूर्ण वजन टाकून दाबायचं. तो पहिला दाब भरपूर हवा, कारण सुरुवातीचा वेग तिथूनच मिळतो. थांबताना मागचा ब्रेक आधी हलकेच, मग दोन्ही, आणि पूर्ण थांबण्याच्या जरा आधी पाय खाली. आधी थांबायला शिकले, मग वेगाने जायला. थांबता येतं अशी खात्री झाली की वेगाची धास्ती आपोआप कमी होते.

सायकल एकदा आली की विसरत नाही, असं सगळे म्हणतात, आणि त्याला आधार आहे. कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी एका रुग्णाबद्दल १९६२ साली मांडलेलं निरीक्षण प्रसिद्ध आहे. मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर त्याला नवी कुठलीही घटना लक्षात राहत नसे. त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. रोज त्याचा हात सुधारत गेला, आणि रोज त्याला वाटे की हे आपण पहिल्यांदाच करतोय. हातापायांचं शहाणपण आठवणींच्या कप्प्यात राहत नाही. त्याची जागा मेंदूत वेगळी, अनुमस्तिष्क आणि त्याच्या सोबतीच्या भागांत. २०१० साली नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी पार्किन्सनच्या एका रुग्णाची हकिगत छापली. चालताना त्याचे पाय जमिनीला खिळत, दोन पावलं टाकणं अवघड. पण सायकलवर बसवल्यावर तो वळणं घेत सहज फिरून येई. उतरला की पाय पुन्हा खिळत.

तरीही परत येणारा माणूस सुरुवातीला डगमगतो, आणि ते विसरल्यामुळे नव्हे. अंगाला जे आठवतं ते दुसऱ्याच अंगाबद्दल असतं. माझ्या पायांना एका विशीतल्या मुलीचं वजन, तिचा वेग, तिची मान माहीत होती. आता वजन वेगळं आहे आणि ते वेगळ्या ठिकाणी आहे. घोट्यांकडून येणारी खबर जरा उशिरा येते. कानातल्या तोलाच्या नळ्याही वयाने थोड्या मंद होतात. मान पूर्वीइतकी मागे वळत नाही. जुना तोल जसाच्या तसा मिळत नाही, कारण तो ज्या शरीराचा होता ते शरीर आता नाही. नवा तोल घडवावा लागतो. शिकण्याची रीत अंगात असते, त्यामुळे तो पहिल्यापेक्षा लवकर घडतो, पण घडवावा लागतोच.

इथे तिच्या स्वभावाची मला खरी किंमत कळली. माणसं आपल्याला जुन्या ओळखीवर चालवून घेतात, काहीजण जुन्या दुखण्यावरून जोखतात. ती यातलं काहीच करत नाही. मी एकेकाळी हात सोडून टिळक रस्त्याने जायची, हे तिच्या हिशेबात नाही. माझं मनगट मोडलं होतं, हेही नाही. आज माझं वजन कुठे आहे, माझी नजर कुठे आहे, माझी पकड किती सैल आहे, याला ती तत्काळ आणि खरं उत्तर देते. नीट बसले तर लगेच सरळ जाते. त्यात कौतुक नसतं आणि दयाही नसते. गेलेला आत्मविश्वास परत मिळवायचा तर असंच कुणी सोबतीला हवं, असं मला मनापासून वाटतं. समजुतीच्या शब्दांनी मला धीर आला, पण पाय उचलण्याइतकी खात्री फक्त तिच्या उत्तरांनी दिली.

मैदानावरून रस्त्यावर यायचं म्हणजे पुन्हा नवी तयारी. हेल्मेट, ब्रेक रोज तपासणं, टायरमध्ये पुरेशी हवा. किती भरायची ते टायरच्या कडेलाच छापलेलं असतं. पावसाळ्यात झेब्राचे पांढरे पट्टे आणि ड्रेनेजची लोखंडी झाकणं निसरडी होतात, त्यांच्यावरून जाताना वळायचं नाही, ब्रेक दाबायचा नाही. उभ्या गाड्यांपासून निदान दाराच्या रुंदीइतकं लांबून जायचं, कारण कुणाचंही दार केव्हाही उघडतं. सीट हळूहळू वर घेतली. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहील इतकी. खालच्या सीटमुळे दुखणारे गुडघे मग दुखेनासे झाले.

सगळ्यांत शेवटी परत आली ती एक लहानशी गोष्ट, उजवीकडे वळताना मागे बघणं आणि हात दाखवणं. मान वळवली की खांदा वळतो, खांद्याबरोबर हँडल ओढलं जातं आणि सायकल नको तिकडे सरकते. त्यात उजवा हात काढून घ्यायचा, म्हणजे सगळी भिस्त डाव्या मनगटावर, मोडून जुळलेल्या त्याच मनगटावर. मैदानावर मी आधी फक्त उजव्या हाताची बोटं उचलली. मग तळवा. मग हात हँडलपासून वीतभर लांब. मग मान वळवून कडुनिंबाकडे नजर परत. कित्येक सकाळी हेच. तिने प्रत्येक वेळी दाखवलं की वेग असला आणि दुसरा हात सैल असला, तर एका हातानेही ती सरळच जाते.

आणि एका सकाळी आमच्या चौकात मी मागे पाहिलं, रिक्षा लांब होती, उजवा हात बाहेर काढला, पूर्ण, खांद्याच्या रेषेत, आणि वळले. डावं मनगट सैल होतं. मागच्या रिक्षाने वेग कमी करून मला जागा दिली. तो हात काढता आला त्या दिवशी मी स्वतःला सायकल चालवणारी बाई म्हणू लागले.

आता आम्ही दोघी मंडईत जातो. जाताना ती हलकी असते, येताना कॅरिअरला भाजीची जड पिशवी बांधलेली असते. पिशवीने वजन मागे जातं, पुढचं चाक हलकं होतं आणि निघताना हँडल जरा वेगळंच वागतं. म्हणून येतानाची पहिली काही पायडलं मी सावकाश, लक्ष देऊन मारते, आजच्या वजनाचा आजचा तोल सापडेपर्यंत. तो सापडतो. मग मी वेग वाढवते.